नियमात बसलेला ढोल

मेंढेवाडी, ता. आटपाडी
२ डिसेंबर २०२४

आप्पा,

पाकीट बघून हसशील. ह्या जमान्यात पत्र कोण लिवतंय? पण करू काय रं, फोनवर तुला ऐकू येत न्हाई आणि मला बोंबलायचा कंटाळा आलाय. परवा "जेवलास का" म्हणून तीनदा इचारलं, तर तू म्हणालास, "व्हय, ऊन लय हाय." मग म्हणलं, चौथीपातूर शिकलोय ते कवा कामाला यायचं.

चैतात बिरोबाची जत्रा हाय. पाच वर्षं झाली, सख्खा भाऊ साताऱ्यात असून जत्रंला येत न्हाई. आपल्या घरचा मानाचा ढोल तवापासून खुंटीला हाय. आपल्या बानं, आबांनी, जाताना तो तुझ्या गळ्यात घातला, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची रीत न्हाई. पोरं आपापलं ढोल वाजवत्यात, गोल कडं धरून गजी नाचत्यात, पण कड्याच्या मधी तुझी जागा मोकळी सोडत्यात. ती मोकळी जागा बघितली की मी तिथनं उठून घरला येते.

माझी पासष्टी झाली. जीव हाय तवर एकदा तुझ्या गळ्यात ढोल बघायचा हाय. दुसरं मागणं न्हाई. नुसतं बोलावून तू येत न्हाईस, म्हणून एक अक्कल काढलीया. सोनिया म्हणत होती, तू माजी सैनिकांच्या हापिसात बसतोस आणि फौजेचा बॅण्ड गावोगाव धाडायचं काम बघतोस. तुझी सून खोटं बोलणार न्हाई. तर यंदा जत्रंला बॅण्ड धाड. बॅण्ड आला की त्याच्या मागं तू येशीलच. संगं अर्ज जोडलाय. शाळंतल्या हेडबाईंनी शुद्धलेखन बघितलंय.

तुझी आक्का


सातारा
११ डिसेंबर २०२४

आक्का,

अर्ज पोचला. सरकारी अर्जाला "आप्पा, बऱ्या बोलानं" अशी सुरुवात चालत नाही. आणि शेवटी "न्हाई म्हणालास तर तोंड दाखवू नगो" हे तर बिलकुल चालत नाही. शुद्धलेखन मात्र उत्तम आहे.

फौजेचा बॅण्ड देवाच्या जत्रेत वाजत नाही. आपल्या बिरोबाचं वाकडं आहे असं नाही, कुठल्याच देवाच्या जत्रेत वाजत नाही. लग्नात नाही, पुढाऱ्याच्या सभेत नाही, दुकानाच्या उद्घाटनाला नाही. फौज लोकांत जाते ती सगळ्यांची म्हणून जाते. आज एका देवळापुढं वाजवलं की उद्या दुसरा विचारतो, आमच्याकडं का नाही? नियम उगाच केलेले नसतात. अर्ज नामंजूर.

माझं म्हणशील तर गुडघा फार त्रास देतोय. डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास बंद केलाय. शिवाय मार्चअखेर ऑफिसात काम असतं. ढोल कोंडीबाच्या पोराला दे. रीत रीत करून कातडं कुजवण्यात काय अर्थ आहे?

थंडी वाढली आहे. पहाटे अंगणात बसत जाऊ नकोस.

आप्पा


मेंढेवाडी
१७ डिसेंबर २०२४

आप्पा,

गुडघा! अरं सुभेदार हायस का कोण हायस? सोनिया सांगती, तू रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतोस आणि मग पोहं खातोस. गड चढणाऱ्या गुडघ्याला एस.टी. चालत न्हाई व्हय?

आता मी सरळच लिवते, राग आला तर येऊ दे. पाच वर्षांमागं जत्रंत ढोल वाजवताना तुझा ताल चुकला. कडं मोडलं, पोरं एकमेकांवर आदळली. गजीचा म्होरक्या कोंडीबा वरडला, "सुभेदार, ध्यान कुठं हाय?" तू ढोल खाली ठेवलास आणि सांजच्या गाडीनं निघून गेलास. गावाला वाटलं, सुभेदाराला गर्व झाला, एवढंसं बोललेलं सोसलं न्हाई. तुझं कान तोफांनी नेलं हे तू एका मला सांगितलंस आणि वर शपथ घातलीस, गावात बोलू नगो म्हणून. आप्पा, तुला गर्विष्ठ म्हणत्यात आणि मी खाली बघून भाकरी थापते. ती शपथ मला लय जड होतीया रं.

आणि कोंडीबाच्या पोराला ढोल दे म्हणून पुन्यांदा लिवू नगोस. आबांनी तुझ्या गळ्यात घातलाय तो.

दुसरा अर्ज जोडलाय. ह्यात देवाचं नाव न्हाई. "माझा भाऊ सुभेदार आप्पासो याची साठी, त्याप्रीत्यर्थ." आता बघू काय म्हणतोस.

आक्का


सातारा
२६ डिसेंबर २०२४

आक्का,

माझ्याच साठीचा अर्ज माझ्याच टेबलावर. मेजरसाहेबांनी मराठीत काय लिहिलंय म्हणून वाचायला घेतला. वाचून हसले, मला चहा पाजला आणि म्हणाले, "सुभेदारसाब, बहीण असावी तर अशी." मला कुठं तोंड लपवू असं झालं.

एका माणसासाठी बॅण्ड येत नाही. तो माणूस कोणीही असो. अर्ज नामंजूर.

पण साहेबांनीच विचारलं, तिथं शाळा आहे का? तुमच्या बाजूला आजवर बॅण्ड गेलेला नाही. तेव्हा नीट वाच. हेडबाईंनी शाळेतर्फे अर्ज करावा. कार्यक्रम सगळ्या गावाला खुला, तिकीट नाही, कुणाचा फोटो लावायचा नाही. गाडी, डिझेल, माणसांचे पगार हे फौजेचं. जेवण आणि बसण्या-उठण्याची जागा बोलावणाऱ्याची. रोख एक रुपया द्यायचा नाही, फौजेच्या नावानं मागायचाही नाही. शाल, नारळ, फेटा काही नाही. आणि भंडारा! गणवेशावर भंडाऱ्याचा कण पडता कामा नये, हळदीचा डाग निघत नाही. बायकांना आधीच सांगून ठेव.

बॅण्डबरोबर आमच्या ऑफिसातर्फे एक माणूस असतो. हवालदार गुंडा येईल. चांगला माणूस आहे, त्याला हुलग्याचं माडगं आवडतं.

शपथेचं म्हणशील तर ती मोडू नकोस. गर्विष्ठ म्हणतात ते म्हणू दे. "बहिरा झाला बिचारा" म्हणून पोराटोरांनी हातवारे करत बोललेलं मला सोसायचं नाही. कानाचं मशीन आहे, पण ते गर्दीत शिट्ट्या मारतं. ढोलापाशी गेलो तर नुसता खडखडाट होतो, त्यात ठेका कुठला आणि गोंगाट कुठला, काही कळत नाही. सोड तो विषय.

आप्पा


मेंढेवाडी
४ जानेवारी २०२५

आप्पा,

घे तिसरा अर्ज. शाळेच्या शिक्क्याचा. आता ह्यात काय खोड काढतोस बघते.

सगळं गावाला वाचून दाखवलं. सरपंच शंभूराजनं बॅनर करून आणला होता. त्यात फौज कोपऱ्यात आणि हा पठ्ठ्या मधी, गॉगल लावून. मी म्हणलं, सरपंच, नियमात बसत न्हाई. तर म्हणतोय, "आक्का, गॉगल काढू का?" आता तो बॅनर त्याच्या गोठ्यावर पालथा टाकलाय, म्हशीला सावली झाली.

बायकांस्नी भंडाऱ्याचं बजावलंय. त्या म्हणाल्या, पाव्हण्याच्या अंगावर भंडारा टाकायचा न्हाई म्हंजे काय, तोंडात मारल्यागत हुतंय. मी म्हणलं, फौजेचा हुकूम हाय, मुठी झाकून ठेवा.

एकच सांग. गुंडा हवालदार कशाला? त्याची बहीण हाय व्हय हितं?

आक्का


सातारा
२० जानेवारी २०२५

आक्का,

तेरा तारखेला मंजुरी आली. आठ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी दहा, शाळेचं मैदान. मी खुशीत होतो. तुला कळवायला पाकीटही आणलं होतं.

आज साहेबांनी मला आत बोलावून मोबाईल दाखवला. त्यात तुमच्या गावच्या पावतीचा फोटो. वर तोफेचं चित्र आणि खाली "भारतीय फौजेच्या बॅण्डसाठी वर्गणी". अगं, मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की फौजेच्या नावानं पैसा मागायचा नाही! पैसा चांगल्या मनानं दिला असेल, पण उद्या कुणी म्हणेल की बॅण्ड पैसे घेऊन वाजतो. ज्या फौजेनं मला भाकरी दिली तिच्या नावाची पावती माझ्या गावानं फाडावी? मला साहेबांपुढं मान वर करता येईना.

साहेब म्हणाले, कार्यक्रम रद्द करू. मी म्हणालो, बरोबर आहे. मग त्यांनी हेडबाईंच्या अर्जामागं जोडलेली पोरांची चित्रं पुढं टाकली. सगळ्यांनी बॅण्ड काढलाय, एकानं तर मोठ्या ड्रमला मेंढीसारखे कान काढलेत. मी ते चित्र हातातून खाली ठेवलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "पै न् पै परत जाऊ दे आणि तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. तुमच्या जबाबदारीवर करू."

तेव्हा गुंडा नाही, मी येतोय. ड्युटी म्हणून. बॅण्डच्याच गाडीनं येईन आणि त्याच गाडीनं परत जाईन. घरी जेवायला थांबणार नाही. आणि ढोलाचं नाव काढायचं नाही, हे लिहून दे.

आप्पा


मेंढेवाडी
२५ जानेवारी २०२५

आप्पा,

पावतीपुस्तक शंभूराजचं डोस्कं. त्याला वाटलं, फौजेचं नाव घातलं की लोक लवकर देतील. मन वाईट न्हाई रं त्याचं, पण अकलंचं वांदं. मी आणि हेडबाई त्याला संगं घेऊन घरोघर फिरलो. समद्यांचं पैसं परत, सह्या घेतल्या, पुस्तक चुलीत. कोंडीबा पैसं परत घेईना. म्हणतोय, "मी देऊन बसलो, आता ते फौजेचं." त्याच्या खिशात कोंबावं लागलं.

मग जेवणाचं काय? तर आता दर घरनं भाकरी येणार. कुणी हुलग्याचं माडगं, कुणी वांगं, कुणी ताक. भाकरीला काय पावती लागत न्हाई. लागत असली तर कळीव.

तू येतोयस हे वाचलं आणि देवळात जाऊन नारळ फोडला. नवस जत्रंचा केला होता, बिरोबा पावला पावतीच्या रूपानं. त्याची लीला त्यालाच ठावं.

लिहून देते: मी सुलाबाई, ढोलाचं नाव तोंडातनं काढणार न्हाई. खाली सही केलीया. शपथेबद्दल मात्र काय लिहून देत न्हाई.

सुलाबाई (तुझी आक्का)


सातारा
११ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तू नाव काढलं नाहीस हे खरं. तोंडातून शब्द काढला नाहीस. नुसती ढोल घेऊन वेशीवर उभी राहिलीस.

गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, रस्त्यात मेंढरं आली असतील. खाली उतरून बघतो तर कोंडीबा हाताची घडी घालून आडवा. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण कळलं. आबांच्या तोंडून लहानपणी किती वेळा ऐकलंय: वाद्य घेऊन पाव्हणा आला तर मानाच्या ढोलानं सामोरं गेल्याबिगर त्यानं वेस वलांडायची न्हाई. पन्नास गावांचे ढोल आबांनी असे आत घेतले. ही रीत मी विसरलो होतो. तू विसरली नव्हतीस, आणि पत्रात एका अक्षरानं कळवलं नाहीस. लबाड आहेस.

बॅण्डमास्तर घड्याळ बघत होते. दहाची वेळ मीच लिहिलेली. पोरं मैदानात उन्हात बसलेली. मी तिथं उभ्या उभ्या सगळे नियम मनात आठवले. देवाची जत्रा? नाही, पालखी नाही, देऊळ लांब. एका माणसासाठी? नाही, अख्खं गाव उभं. पैसा? नाही. गणवेश? माझ्या अंगात साधा कोट. आक्का, नियमात कुठंच अडेना. आणि मी तरी कुठवर पळणार होतो.

तू ढोल गळ्यात घातलास. पहिलं टिपरू मारलं. कानाला काही नाही. पण बरगड्यांच्या खाली आबांनी हात ठेवल्यासारखं झालं. मग बॅण्डमास्तरांनी मान हलवली आणि मोठ्या ड्रमवाला पोरगा पुढं येऊन माझ्यासमोर उभा राहिला, दांडा असा वर उचलून की मला दिसावा. त्यानं मारला, तो छातीत कळला. मग मी मारला. मला वाटतं मी रडत होतो, भंडाऱ्यामुळं कुणाला दिसलं नसेल. ती अख्खी ओंजळ तू माझ्या डोक्यावर ओतलीस आणि माझ्या समोर येऊन ओठ हलवून म्हणालीस, "तू पेन्शनर हायस, तुझ्यावर चालतंय!" कोट धोब्याला दिला तर तो म्हणाला, हळद निघायची नाही. म्हटलं, राहू दे.

जेवायलाही बसलो. तुझ्याच पुढ्यात. तेही लिहिलं होतं तसं झालं नाही.

आता एकच विचारतो, खरं सांग. गजीची पोरं त्या दिवशी समोर बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. का? आणि दुसरं. ढोलाचा थरकाप हाताला कळत होता, आवाज कळत नव्हता. माझा ताल चुकला का? बहिणी भावाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगतात. तू सांगू नकोस.

आप्पा


मेंढेवाडी
१५ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

चुकलास. दोनदा.

पहिल्यांदा चुकलास तवा ड्रमवाला पोरगा थांबला आणि तुझ्या टिपरूवर टिपरू धरून परत तालात आला. त्याची आई धन्य. दुसऱ्यांदा वळणावर चुकलास. पाय खाली यायचा तवा तू हात वरच धरलास, ठोका पडंनाच. मी डोळं मिटलं. म्हणलं, मोडलं कडं. पण काहीच आदळंना, म्हणून हळूच उघडलं. तर अख्खं कडं पाय वर धरून उभं. कोंडीबा सत्तरीचा म्हातारा, बगळ्यागत एका पायावर डुलतोय, पण पाय खाली टेकवंना. मग तुझा ठोका पडला आणि समद्यांचा पाय एका दमात पडला. धुरळा उडाला नुसता. बॅण्डवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांस्नी वाटलं तसंच असतंय. समदी मिळून चुकली, मग चूक म्हणायची कुणाची?

ते हाताकडं का बघत होते म्हणतोस. मी शपथ मोडली. पैसं परत करायला घरोघर फिरत होते न्हवं, तवाच दर उंबऱ्यावर सांगितलं, माझ्या भावाला गर्व न्हाई, त्याला ऐकू येत न्हाई. कोंडीबा ऐकून खालीच बसला. म्हणाला, "पाच वर्षं मी त्याला शिव्या दिल्या की गं." मग त्यानंच पोरांस्नी पारावर गोळा केलं आणि बजावलं, "आप्पाच्या हातावर डोळं ठेवायचं. कान बंद. हात पडंल तवा पाय पडंल, मग मधी गाव बुडालं तरी चालंल." पंधरा दिवस सराव केला त्यांनी, तुझ्या जागंवर कोंडीबा मुद्दाम चुकत होता.

तुला वाटलं होतं, कीव करतील. कुणी केली का सांग बरं? हातवारे करून कुणी बोललं का? शंभूराज बोलायला गेला होता, मी डोळं वटारलं.

माझ्यावर राग असंल तर लिव. पण मला त्याचं काय वाटायचं न्हाई. मी बघायचं ते बघितलं.

आक्का


सातारा
२१ फेब्रुवारी २०२५

आक्का,

काल साहेबांना कार्यक्रमाचा अहवाल दिला. "स्थानिकांचा सहभाग" ह्या रकान्यात लिहिलं: एक ढोल. वाजवणारा माजी सैनिक. "त्यासाठी झालेला खर्च" ह्यात लिहिलं: एक कोट. साहेबांनी तेवढं खोडायला लावलं.

राग न्हाई गं. तुझं पत्र वाचून उठलो आणि आधी मशीन कानात घातलं. सोनियाला म्हणलं, सावकाश बोल आणि माझ्याकडं बघून बोल. ती म्हणाली, "मामंजी, हे आधीच सांगायचं." कोंडीबाही आता हेच म्हणत असंल.

कोंडीबाला सांग, चैतापर्यंत गुडघ्याला तेल लाव, मी अजून चुकणार हाय. आणि ढोल खुंटीवरनं काढ. त्या दिवशी कातडं सैल लागलं हाताला. रोज दुपारचं उन्हात ठेव, सांजंला न विसरता आत घे, दव लागू देऊ नगोस.

जत्रंच्या दोन दिवस आधी येतोय. एस.टी.नं. ह्या बारीला अर्ज करू नगोस.

आप्पा